वर्दी आल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत

(अग्निशमन सेवा सप्ताहात एका तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आग लागली की १०१ आणि माणूस अत्यवस्थ झाला की १०८, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण हे दोन फोन जातात कुठे, हे फार थोड्यांना माहीत असते. १०१ वाजतो तो नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात. तिथे फोन उचलणाऱ्याला तुमची गल्ली, मारुतीचा पार, बाजारपेठेतला अरुंद बोळ सगळे तोंडपाठ असते. १०८ ची गोष्ट वेगळी. ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी राज्यभर सुरू झाली आणि तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात उभारला गेला. गडचिरोलीचा फोन तिथेच आणि सिंधुदुर्गचाही तिथेच. उचलणाऱ्याने तुमचे गाव पाहिलेले नसते. त्याच्यासमोर पडद्यावर गाड्या दिसतात, त्यातली जवळची मोकळी गाडी तो तुमच्याकडे वळवतो. म्हणून १०८ ला पत्ता सांगताना तालुका, जिल्हा आणि जवळची ठळक खूण आधी सांगा. १०१ च्या बाबतीत एक काळजी घ्या. मोबाइलवरून तो आपल्याच केंद्रात लागेल याची खात्री सगळीकडे नसते, त्यामुळे केंद्राचा साधा फोन नंबर घरात लिहून ठेवा.

एकाच घरातल्या एकाच संकटासाठी हे दोन वेगळे रस्ते का? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा कामांच्या त्या यादीत अग्निशमन सेवा आहे. जवानाचा पगार नगरपालिका करते, बंबाचे डिझेल नगरपालिका भरते. राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय प्रशिक्षण देते, तांत्रिक सल्ला देते. पण तुमच्या गावच्या केंद्राचा रोजचा कारभार ते चालवत नाही. १०८ मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची सेवा, आणि प्रत्यक्षात ती कंत्राटावर चालते. चालक, डॉक्टर दोघेही कंत्राटदार कंपनीचे. आपल्याकडे त्या चालकाला ‘पायलट’ म्हणतात आणि प्रत्येक गाडीवर डॉक्टर असावा, असा महाराष्ट्राच्या योजनेचा पहिल्यापासून आग्रह आहे. ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. सुरुवातीच्या ९३७ पैकी २३३ गाड्या व्हेंटिलेटर असलेल्या होत्या, ज्यांना आम्ही एएलएस म्हणतो. बाकीच्या ७०४ बीएलएस, म्हणजे ऑक्सिजन आणि प्राथमिक उपचार देत रुग्णाला नेणाऱ्या. याखेरीज गरोदर मातांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ ची गाडी आहे, ती वेगळी. ११२ हा देशभरचा एकत्रित नंबर, पण आपल्या राज्यात तो पोलिसांच्या हाती आहे.

आता केंद्रात चला. फोन आला की त्याला आम्ही वर्दी म्हणतो. वर्दी नोंदवता नोंदवताच घंटा होते आणि शहरी केंद्रात साधारण मिनिटभरात बंब दाराबाहेर पडायला हवा. गाडीवर यंत्रचालक, एक लिडिंग फायरमन, म्हणजे तुकडीचा म्होरक्या, आणि त्याच्या हाताखाली जवान. मोठ्या शहरात वर केंद्र अधिकारी, विभागीय अधिकारी, मुख्य अग्निशमन अधिकारी अशी चढती रांग असते. मुंबईसारख्या ठिकाणी आग वाढत गेली की तिची श्रेणी वाढवत नेतात आणि दर श्रेणीला इतर केंद्रांच्या गाड्या आपोआप निघतात. छोट्या नगरपालिकेत श्रेणी वाढवून उपयोग नसतो, कारण बोलवायला दुसरी गाडीच नसते. शेजारच्या तालुक्याला फोन करायचा, जवळ एमआयडीसी असेल तर तिचे स्वतःचे दल असते त्यांना करायचा, साखर कारखान्याला करायचा. हे सगळे ओळखीवर चालते. ज्या गावचा अधिकारी फोनवर गोड बोलतो, त्या गावाला मदत लवकर मिळते. हे बदलायला हवे, असे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. मदत मागण्याची आणि देण्याची पद्धत लेखी हवी, जिल्ह्यानुसार ठरलेली हवी.

लोकांना बंब म्हणजे न संपणारे पाणी वाटते. साध्या वॉटर टेंडरच्या, म्हणजे नेहमीच्या बंबाच्या, टाकीत ४५०० लिटर पाणी मावते आणि त्याचा पंप मिनिटाला २२५० लिटर फेकू शकतो. पंप पूर्ण जोराने चालवला तर टाकी दोन मिनिटांत कोरडी. म्हणून आमचे अर्धे डोके आगीकडे आणि अर्धे पाणी कुठून आणायचे याकडे असते. जवान आधी आत काय पेटले आहे, ते पाहतो आणि मगच पाणी सोडतो. बाहेरून धुरावर फवारे मारून टाकी रिकामी करणे सर्वांत सोपे. गर्दीलाही ते बघायला आवडते. ‘पाणी का मारत नाही?’ म्हणून शिव्या देणारे लोक मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांचा जीव तुटत असतो, मला त्यांचा राग कधी आला नाही.

धुरात शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवर बीए सेट असतो, म्हणजे कोंडलेल्या हवेचा सिलिंडर. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने दोन हजार लिटरच्या आसपास हवा बसते. शांत उभ्या माणसाला ती बराच वेळ पुरेल, पण होज, म्हणजे पाण्याची नळी, ओढत जिना चढणारा जवान मिनिटाला ४०-५० लिटर सहज ओढतो. आत जाण्यापूर्वी तो आपली टॅली, म्हणजे नोंदीची पट्टी, दाराशी बसलेल्या माणसाकडे देतो. त्यावर नाव, सिलिंडरचा दाब, आत गेल्याची वेळ. तो माणूस फळ्यावर हिशेब मांडतो, याने कितीपर्यंत बाहेर यायलाच हवे. दाब ५०-५५ बारवर उतरला की सेटची शिट्टी वाजू लागते, पण तिची वाट पाहायची नसते. ती वाजण्याआधी परतीला लागायचे असते. जोडीदाराशिवाय कोणीही आत जात नाही. दाराशी फळा धरून बसणाऱ्याचा फोटो कधी छापून येत नाही. आत गेलेल्यांचे प्राण त्याच्या गणितावर असतात. ज्या केंद्रात माणसे कमी, तिथे नेमका हाच माणूस कमी केला जातो. अग्निशमनाच्या संघटनेत माणसांची संख्या का महत्त्वाची, हे मला या एका खुर्चीवरून सांगता येते.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर आग विझवताना स्फोट झाले आणि ६६ जवान गेले. आपण हा सप्ताह पाळतो तो त्यांच्यासाठी. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत तर मुंबई दलाचे मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले.

आता ज्या मुद्द्यासाठी मी आज मुद्दाम उभा आहे, तो. जवान माणसाला बाहेर काढतो आणि रुग्णवाहिकेच्या डॉक्टरच्या ताब्यात देतो. या ठिकाणी नगरपालिकेचा माणूस आणि राज्याच्या कंत्राटी सेवेचा माणूस समोरासमोर येतात. दोघांचे साहेब वेगळे, वायरलेस वेगळे, प्रशिक्षण वेगळे. बहुतेक वेळा दोघे एकमेकांना पहिल्यांदाच बघत असतात. बोलायला अर्धा मिनिट मिळतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात जे सांगायचे राहून जाते, त्याची किंमत रुग्ण मोजतो.

एक उदाहरण देतो. धुरात कोंडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतो. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर या वायूने व्यापलेले रक्त आणि ऑक्सिजन असलेले रक्त यांत फरक करू शकत नाही. पडद्यावर ९८ दिसते आणि माणूस आतून गुदमरत असतो. त्याला तत्काळ मास्कवर शंभर टक्के ऑक्सिजन लागतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-सव्वा तास. तेव्हा जवानाने डॉक्टरला सांगायला हवे की खोली बंद होती, माणूस अंदाजे इतका वेळ आत होता, सापडला तेव्हा शुद्धीवर नव्हता. नाकात काजळी आहे, आवाज घोगरा झाला आहे, हेही सांगायला हवे. कारण अशा माणसाचा श्वासमार्ग पुढच्या काही तासांत सुजून बंद होऊ शकतो. आत्ता तो बोलतो आहे म्हणून त्याला जवळच्या छोट्या दवाखान्यात टाकून यायचे नसते. हे जवानाला शिकवलेले हवे आणि डॉक्टरने विचारायला हवे.

आणि तुमच्यासाठी: भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको.

काही देशांत हा जोड संघटनेतच मिटवला आहे. जपानमध्ये आग आणि रुग्णवाहिका दोन्हींसाठी ११९ हा एकच नंबर, आणि रुग्णवाहिका अग्निशमन दलाचीच. न्यूयॉर्कने १९९६ साली शहराची रुग्णवाहिका सेवा अग्निशमन दलात विलीन केली. आपण तसेच करावे, असे मी म्हणत नाही. आपल्या नगरपालिकांची आर्थिक स्थिती बघता १०८ राज्याकडे आहे, हे बरेच आहे. पण दर तीन महिन्यांनी केंद्राचे जवान आणि त्या तालुक्यातल्या १०८ च्या गाडीवरचे डॉक्टर, पायलट यांची एकत्र कवायत घ्यायला कोणत्या विलीनीकरणाची गरज आहे? गाडी वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभी करायची, रुग्ण कुठे सोपवायचा, खूप जखमी असतील तर कोणाला आधी न्यायचे हे दाखवणारी लाल, पिवळी, हिरवी, काळी पट्टी कोणी बांधायची. एका सकाळचे काम आहे.

ही कवायत रुग्णालयातही हवी. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून तपासून ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यायचे असते. तुम्ही ज्या दवाखान्यात आईला भरती करता, ज्या मंगल कार्यालयाची तारीख घेता, तिथे हे प्रमाणपत्र मागून बघा. मागणारा ग्राहक भेटला की मालक हालचाल करतो.

शेवटी गावे. १०८ गावात येते, बंब मात्र नगरपालिकेचा. ग्रामपंचायतीकडे दल नसते. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषाने शहरात बंब पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पोहोचायला हवा. तीस किलोमीटरवरच्या वाडीला तो वीस मिनिटांत कसा पोहोचणार? शहरात एकच गाडी असली, की ती हद्दीबाहेर पाठवताना अधिकाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण मागे बाजारपेठ उघडी पडते. कडब्याची गंजी, गोठा, तोडणीला आलेला ऊस जळून जातो तो या अंतरात. जोवर ग्रामीण भागासाठी वेगळी केंद्रे होत नाहीत, तोवर पोहोचलेला बंब रिकामा होऊन परत जाऊ नये, एवढे तरी गावाला करता येते. गावच्या पाण्याच्या टाकीला खालच्या बाजूने एक फाटा काढा, त्याला व्हॉल्व्ह आणि ६३ मिलिमीटरचे फिमेल कपलिंग लावा. आमचे होज याच मापाचे असतात. जोडले की बंब तिथल्या तिथे भरून घेता येतो, पंधरा किलोमीटर मागे जावे लागत नाही. टाकीपर्यंतचा रस्ता मोठी गाडी वळेल एवढा मोकळा ठेवा आणि किल्ली कोणाकडे, हे केंद्राला कळवून ठेवा. प्लंबरला काय सांगायचे ते आकृतीसह कागदावर काढून आणले आहे. सरपंच मंडळींनी जाताना माझ्याकडून घेऊन जावे, आणि ज्यांची टाकी जमिनीवरची आहे त्यांनी जरा थांबावे, त्यांच्यासाठी जोडणी थोडी वेगळी करावी लागते.