साडेछत्तीस अंशांची रेघ

नमस्कार मंडळी! आज नकाशा घेऊनच बसलोय.

(नकाशा जवळून)

हे बघा, अमेरिकेतलं मिसुरी राज्य. त्याच्या खालच्या हद्दीवरून बोट फिरवतो. फूटपट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ रेघ आहे. पण पूर्वेच्या टोकाजवळ आली की अचानक खाली घसरते आणि एक शेपूट लोंबतं. बुटाच्या टाचेसारखं दिसतं म्हणून तिथले लोक त्याला ‘बूटहील’ म्हणतात. त्याची कथा अशी सांगतात की जॉन हार्डमन वॉकर नावाच्या बड्या जमीनदाराला आपली जमीन मिसुरीतच हवी होती, म्हणून त्याने खटपटी करून हद्दच वाकवून घेतली. राजकीय वजन असलं की अक्षांशसुद्धा वळणं घेतो!

पण माझा विषय शेपूट नाही, ती सरळ रेघ आहे. ३६ अंश ३० मिनिटं. या रेघेच्या वर गुलामगिरी नाही, खाली चालेल, असा एक करार १८२० साली झाला आणि चौतीस वर्षं टिकला. शाळेत आपण ‘उत्तर विरुद्ध दक्षिण, मग लिंकन’ एवढंच शिकतो. मला विचाराल तर खरं भांडण पश्चिमेवरून होतं. जुन्या राज्यांत जे चाललंय ते चालू दे, यावर दोन्ही बाजूंची मूक समजूत होती. नवी जमीन हातात आली की मात्र ते भिजत घोंगडं पुन्हा अंगणात यायचं.

जमीन आली कुठून? साल १८०३. अध्यक्ष थॉमस जेफरसन, तिसरे. ओहायो आणि केंटकीकडचे शेतकरी आपलं धान्य, तंबाखू, खारवलेलं डुकराचं मांस होड्यांत भरून मिसिसिपी नदीतून खाली न्यू ऑर्लिन्स बंदरात न्यायचे. आणि ते बंदर जात होतं नेपोलियनच्या घशात. जेफरसननी पॅरिसला माणसं पाठवली, की ते बंदर तेवढं मिळतंय का बघा. तिकडे नेपोलियनचं वेगळंच दुखणं. हैतीमधल्या गुलामांनी बंड केलेलं, ते मोडायला पाठवलेली फौज पिवळ्या तापाने आणि लढाईने संपलेली, आणि इंग्लंडशी पुन्हा युद्ध तोंडावर आलेलं. तो म्हणाला, बंदर कशाला, सगळाच लुइझियाना प्रांत घ्या. दीड कोटी डॉलर! जवळपास २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपले सात महाराष्ट्र. (त्याच वर्षी सप्टेंबरात इकडे असईला आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी लढत होता. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच.)

यात दोन गोष्टी दडून राहतात. एक, त्या जमिनीवर ओसेज, सू आणि इतर कितीतरी लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांना कोणी विचारलं नाही. फ्रान्सने विकला तो फक्त आपला दावा. दुसरी, खुद्द जेफरसनचं म्हणणं असायचं की घटनेत लिहिलंय तेवढंच सरकारने करावं, आणि जमीन विकत घ्यायचं घटनेत कुठेच नव्हतं. त्यांनी घटनादुरुस्तीचा मसुदाही लिहिला होता. मग नेपोलियनचं मन फिरेल या धास्तीने तो ठेवून दिला.

बॉस्टनकडच्या, म्हणजे उत्तरेतल्या मंडळींच्या पोटात तेव्हाच गोळा आला. कारण घटनेतला हिशेब. संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरायच्या आणि त्या मोजणीत पाच गुलामांची तीन माणसं धरायची. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जागा मात्र जास्त, आणि अध्यक्ष निवडतानाही वजन जास्त. पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षं अध्यक्षपद व्हर्जिनियाच्या चौघांकडे होतं: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. चौघंही गुलामांचे मालक. मधली चार वर्षं मॅसॅच्युसेट्सच्या जॉन ॲडम्सना मिळाली, आणि त्यांनी कधी गुलाम ठेवला नाही. आता पश्चिमेतही गुलामांची राज्यं झाली तर आपण कायमचे मागच्या बाकावर, ही ती भीती.

आणि ती राज्यं होणार होती, कारण कापूस.

(हातात कापसाचं बोंड)

माझं आजोळ हिंगणघाटचं, त्यामुळे हा भाग जरा लांबवणार, ऐकून घ्या. हे फुटलेलं बोंड. यातली सरकी काढून बघा हाताने. रुई अशी चिकटून बसते की ओढताना तुटते. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकायचा तो असाच आखूड धाग्याचा कापूस. दिवसभर बसून एका माणसाची रुई निघायची जेमतेम पाऊण-एक पौंड. १७९३ मध्ये एली व्हिटनीने एक यंत्र केलं. लाकडी रूळ, त्यावर तारेचे आकडे, समोर बारीक फटींची जाळी. आकडे रुई ओढून नेतात, सरकी जाळीत अडकते. त्याचं नाव ‘जिन’. आपल्याकडे विदर्भात कापसाचं ‘जिनिंग’ म्हणतात ना, तो शब्द इथला.

यंत्राने माणसाचं काम वाचवलं, तर गुलाम कमी लागायला हवे होते. झालं उलटं. सफाई सोपी झाली, पण वेचणी हातानेच. जितका जास्त पेरा तितके जास्त हात. १७९० मध्ये सुमारे सात लाख गुलाम होते, १८२० मध्ये पंधरा लाखांच्या वर. व्हर्जिनियातली तंबाखूची जमीन थकलेली, तिथले मालक माणसं विकू लागले. आया-मुलांची ताटातूट करून साखळदंडात चालवत पश्चिमेकडे, अलाबामा-मिसिसिपीकडे.

आता या १८१९ मध्ये. मिसुरीने राज्य व्हायचा अर्ज केला. न्यूयॉर्कचे खासदार जेम्स टॉलमज उभे राहिले आणि म्हणाले, हरकत नाही, पण नवे गुलाम आणायचे नाहीत, आणि तिथे जन्मलेली गुलामांची मुलं पंचविसाव्या वर्षी मोकळी. झालं! कनिष्ठ सभागृहाने मंजूर केलं, सिनेटने अडवलं. त्या वर्षाअखेर हिशेब अकरा-अकरा होता. अकरा राज्यं गुलामगिरीची, अकरा बिनगुलामगिरीची, आणि सिनेटमध्ये प्रत्येकाची दोन मतं. मिसुरी ज्या बाजूला जाईल तिकडे तराजू कलणार.

तोडगा निघाला तो असा. मॅसॅच्युसेट्सचा वरचा तुकडा तोडून मेन हे नवं बिनगुलामगिरीचं राज्य करायचं. मिसुरीला गुलामगिरीसकट घ्यायचं. आणि लुइझियाना खरेदीतल्या उरलेल्या जमिनीवर ती साडेछत्तीसची रेघ. गंमत बघा, मिसुरी जवळपास सगळंच रेघेच्या वर आहे, म्हणजे नियमाच्या पहिल्याच दिवशी अपवाद. सभापती हेन्री क्ले पक्के मुरलेले. कनिष्ठ सभागृहात सगळं एका ताटात वाढलं असतं तर कोणीच जेवलं नसतं. म्हणून वेगवेगळं मतदान. मिसुरीवरची अट काढायला ९० विरुद्ध ८७, रेघेला १३४ विरुद्ध ४२. अध्यक्ष मन्रो यांनी ६ मार्च १८२० रोजी सही केली. हे तेच मन्रो ज्यांच्या कारकिर्दीला ‘सद्भावनेचं युग’ म्हणतात. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांचं त्यांच्या विरोधात एकच मत पडलं होतं!

मॉन्टिसेलोच्या डोंगरावर, आपल्या घरी, सत्त्याहत्तर वर्षांचे जेफरसन हे सगळं वाचत होते. एप्रिलमध्ये त्यांनी पत्रात लिहिलं की रात्री आगीची घंटा वाजावी तसा या प्रश्नाने मी दचकून जागा झालो. आणि गुलामगिरीबद्दल लिहिलं की आपण लांडग्याचे कान धरून बसलोय, धरून ठेवणं जमत नाही, सोडणंही सुरक्षित नाही. आपल्याकडे म्हणतात तसं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फक्त इथे लांडगा म्हणजे माणसं होती, आणि घरात तीच माणसं राबत होती. जेफरसन गेल्यावर त्यांच्या कर्जापायी मॉन्टिसेलोच्या १३० जणांचा लिलाव पुकारला गेला.

पुढचं भरभर सांगतो. १८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सननी मूळ रहिवाशांना मिसिसिपीपार हाकलायचा कायदा केला. हाकललेल्या चेरोकी लोकांच्या त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसं मेली असं मानतात, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुन्हा कापूस. १८४५ मध्ये टेक्सस, मग अध्यक्ष पोक यांचं मेक्सिकोशी युद्ध, आणि थेट पॅसिफिकपर्यंत नवी जमीन. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने रेघच पुसली, आणि तिथले लोक ठरवतील म्हटलं. लोकांनी बंदुका घेऊन ठरवायला सुरुवात केली.

या सगळ्यात एक माणूस होता, ड्रेड स्कॉट. त्याचा मालक लष्करी डॉक्टर. त्याने स्कॉटला रेघेच्या वर फोर्ट स्नेलिंग या लष्करी तळावर नेलं, तिथे काही वर्षं ठेवलं, मग परत मिसुरीत आणलं. स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट यांनी सेंट लुइसच्या कोर्टात दावा लावला, की आम्ही मोकळ्या जमिनीवर राहिलोय, आम्ही मोकळे आहोत. अकरा वर्षं खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला. काळ्या माणसाला नागरिक म्हणून दावा लावायचा हक्कच नाही, आणि संसदेला अशी रेघ मारायचा अधिकार मुळातच नव्हता. तारीख होती ६ मार्च १८५७. मन्रोंच्या सहीला त्या दिवशी बरोबर सदतीस वर्षं झाली होती.

अडीच-पावणेतीन महिन्यांनी नव्या मालकाने स्कॉट कुटुंबाला स्वतःहून सोडून दिलं. ड्रेड स्कॉटने सेंट लुइसच्या एका हॉटेलात हमाली धरली. मोकळा माणूस म्हणून तो सव्वा वर्ष जगला.