सोडतीपासून ताब्यापर्यंत

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पसरलेल्या जनता वसाहतीतील एका चढणीच्या बोळात, दहा बाय बाराच्या खोलीत, भांड्यांच्या फळीवर एक निळी प्लास्टिकची फाइल ठेवलेली आहे. आधार कार्ड, पॅन कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, अधिवास प्रमाणपत्र, तहसील कार्यालयातून मिळालेला उत्पन्नाचा दाखला आणि आपल्या कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नाही असे सांगणारे स्वयंघोषणापत्र, असा सरकारी घराच्या अर्जासाठी जमवलेला सगळा ऐवज तिच्यात आहे. फाइलच्या मालकीणबाई सहकारनगरमध्ये चार घरी पोळ्या करतात, तर त्यांचे यजमान भाड्याची रिक्षा चालवतात. दोघांची कमाई मिळून महिन्याला चोवीस-पंचवीस हजारांच्या घरात जाते.

पुण्याला सरकारी घरे नवीन नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधील हजारो संसार वाहून गेले, तेव्हा गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठीच उभ्या राहिल्या. पुढे १९७६ च्या कायद्यानुसार म्हाडा ही राज्य सरकारची गृहनिर्माण संस्था अस्तित्वात आली आणि ‘सोडत’ हा शब्द मध्यमवर्गाइतकाच कष्टकऱ्यांच्याही तोंडी रुळला. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने त्यात आणखी एक वाट जोडली. तिच्या भागीदारीतील परवडणारी घरे या घटकात केंद्र सरकार प्रत्येक घरामागे दीड लाख आणि राज्य सरकार एक लाख रुपये देते. उरलेली किंमत लाभार्थीने भरायची असते. पुणे महापालिकेने हडपसर, खराडी आणि वडगाव खुर्द येथे या योजनेतील इमारती बांधल्या. १ ऑगस्ट २०२३ रोजी महापालिकेच्या २,६५० हून अधिक आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या १,२८० हून अधिक घरांचा ताबा देण्याचा कार्यक्रम पंतप्रधानांच्या हस्ते झाला.

आवास योजनेच्या लेखी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब, आणि त्याच्यासाठीचे घर म्हणजे ३० चौरस मीटरपर्यंतचे, साधारण सव्वातीनशे चौरस फुटांचे चटईक्षेत्र. पुणे महानगर क्षेत्रात म्हाडाच्या सोडतीसाठी मात्र याच गटाची मर्यादा २०२२ पासून सहा लाख आहे. त्यामुळे एकच कुटुंब एका खिडकीवर दुर्बल गटात बसते आणि दुसऱ्या खिडकीवर बसत नाही, आणि हे समजावून सांगणारा माणूस दोन्ही खिडक्यांवर क्वचितच भेटतो.

खरी अडचण मात्र सोडतीत नाव लागल्यानंतर सुरू होते. तीन लाखांच्या मर्यादेवर असलेल्या कुटुंबाच्या हातात महिन्याला पंचवीस हजार रुपये येतात. अनुदान वजा जाता आठ लाखांचे कर्ज घ्यावे लागले, तर नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता ७,२०० रुपयांच्या आसपास बसतो. ताबा मिळेपर्यंत झोपडीचे भाडे चुकत नाही, मुलांच्या फिया थांबत नाहीत, आणि हप्ता मात्र रकमेचा पहिला टप्पा उचलल्यापासूनच मागे लागतो. त्यात बँकेला पगाराची पावती हवी असते. पोळ्या करणाऱ्या बाईंना ती कोण देणार? पगार रोख मिळतो, काही घरांतून हल्ली मोबाईलवरून येतो, सणाला साडी मिळते. यातले काहीच बँकेच्या रकान्यात मावत नाही. तहसीलच्या दाखल्यावर जे उत्पन्न कमी असल्यामुळे घर मिळू शकते, त्याच उत्पन्नामुळे कर्ज नाकारले जाते, आणि या पेचाकडे योजनेच्या जाहिरातीत कधी बोट दाखवले जात नाही.

या पार्श्वभूमीवर येरवड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून २००९ च्या सुमारास तेथील काही वस्त्यांमध्ये झोपडीच्या जागीच पक्के घर बांधून देण्याचे काम सुरू झाले. एका घरासाठी तीन लाख रुपये आणि सुमारे २७० चौरस फूट क्षेत्र असा हिशेब होता; निधीचा मोठा भाग सरकारचा आणि दहा टक्के, म्हणजे तीस हजार, कुटुंबाचा. महिला मिलन या वस्त्यांतील महिलांच्या संघटनेच्या बायका घरोघर फिरून मोजमापे घेत, कुठली भिंत कोणाची यावरचे तंटे तिथल्या तिथे मिटवत, आणि जे घर आधीच पक्के असेल त्याला हात लागत नसे. बोळ तोच राहिला, शेजारीण तीच राहिली, रेशन दुकान आणि शाळाही बदलली नाही. एकेका वाकड्यातिकड्या तुकड्यावर वेगळे घर बसवणे कंत्राटदाराला डोकेदुखीचे ठरले, हे खरे. मोकळ्या भूखंडावर बहुमजली इमारत उभारणे त्यापेक्षा सोपे असते. मात्र बहुमजली इमारतीत लिफ्टचा, पंपाचा, जिन्यातल्या दिव्यांचा खर्च दर महिन्याला रहिवाशांवर येतो, आणि पर्वतीहून खराडीला गेलेल्या बाईंना सहकारनगरची चार घरे सोडून नव्याने काम शोधावे लागते. घराच्या किमतीत हे धरलेले नसते.

१ सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा लागू झाला असून त्यात भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचाही समावेश आहे. ज्यांना हप्ता पेलवत नाही त्यांच्यासाठी ही तरतूद, आमच्या मते, मालकीच्या घरापेक्षाही निकडीची आहे.

निळ्या फाइलमधील उत्पन्नाच्या दाखल्यावर खाली बारीक अक्षरांत तो ३१ मार्चपर्यंतच वैध असल्याची नोंद आहे. एप्रिल उजाडला की बाई एका घरी सुट्टी सांगतील आणि नव्या दाखल्यासाठी सकाळी लवकर सेतू केंद्रापुढच्या रांगेत उभ्या राहतील. मागच्या वेळी अंगठ्याचा ठसा यंत्राने घेतला नव्हता. भांडी घासून रेषा झिजल्यात, असे तिथला मुलगा म्हणाला होता.