तुझं शाळेतलं शाळेत

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘पूर्व-अभियांत्रिकी शिक्षण, प्रवेश आणि श्रेयांक’ असा भारदस्त विषय छापला आहे. श्रेयांकांकडे, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजल्या जाणाऱ्या क्रेडिट्सकडे, मी शेवटी येईनच. समोर तांत्रिक विद्यालयांतले निदेशक बरेच दिसतात, त्यामुळे व्ही-फिटिंग म्हणजे एका पट्टीतल्या ‘व्ही’ आकाराच्या खाचेत दुसरीचे टोक चपखल बसवणे, हे समजावण्याचे माझे श्रम तरी वाचले.

माझ्या एका विद्यार्थ्याने नववीत हा जॉब, म्हणजे कार्यशाळेत घडवायचा नमुना, केला होता. मृदू पोलादाच्या दोन पट्ट्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, आधी खरखरीत आणि मग बारीक कानस चालवून, पुनःपुन्हा गुण्या लावून त्याने तो जोड असा बसवला होता की, खिडकीसमोर धरला तरी फटीतून उजेड दिसत नव्हता. दहावीला त्याने तांत्रिक विषय घेतला, अकरावी-बारावीला बायफोकलचे, म्हणजे विज्ञानाबरोबर घ्यायच्या व्यवसाय विषयांपैकी, मेकॅनिकल मेंटेनन्स घेतले, सीईटी दिली आणि तो अभियांत्रिकीला गेला. तिथे पहिल्याच सत्रात कार्यशाळेत त्याच्यापुढे काय आले असेल? तेच व्ही-फिटिंग, तीच आकृती! हे आपण केलेले आहे, असे त्याने नम्रपणे सांगताच तिथल्या गृहस्थांनी “तुझं शाळेतलं शाळेत” एवढे बोलून विषय मिटवला आणि जर्नलच्या अनुक्रमणिकेत तारीख नाही म्हणून वही परत केली.

वर्गातल्या इतरांनी मागच्या तुकडीचे जॉब मिळवून, त्यांवरचा गंज घासून ते जमा करण्याची थोर परंपरा पाळली. (ज्यांना ही परंपरा ठाऊक नाही ते गंभीर आहेत, हसणाऱ्यांची नावे मी विचारणार नाही.) काहींनी तर वडापावच्या बोलीवर याच्याकडूनच जॉब करून घेतले. गुण सर्वांना जवळजवळ सारखेच पडले आणि माझी तक्रार आहे ती नेमकी इथे.

आता प्रवेशाचे पाहू. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे असून तिसरा विषय रसायनशास्त्राऐवजी तांत्रिक व्यवसाय विषयही चालतो. पण गुणवत्ता यादी सीईटीवर लागते आणि त्या 200 गुणांत गणिताचे 100, भौतिकशास्त्राचे 50 व रसायनशास्त्राचे 50 असतात. म्हणजे ज्या विषयाने उंबरठ्यापर्यंत आणले त्याला आत एकही गुण नाही. मग बायफोकल कशासाठी घ्यायचे, तर 200 गुणांपैकी निम्मे प्रात्यक्षिकाचे असल्याने बारावीची टक्केवारी फुगते म्हणून. क्लासवाले हेच सांगतात आणि, दुर्दैवाने, त्यांचे गणित बरोबर असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा श्रेयांकांचे भराभर सांगतो.

2023च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय वर्षालाही 1200 तासांचे 40 श्रेयांक मोजले, म्हणजे 30 तासांना एक. या हिशेबाने शाळेतल्या 60 तासांच्या कार्यशाळेचे दोन श्रेयांक होतात आणि अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची कार्यशाळा एक-दोन श्रेयांकांचीच असते. दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय करणाऱ्याला पदविकेच्या आणि पदविकाधारकाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देणारी व्यवस्था आपल्याकडे आहेच. मग शाळेच्या एका विषयापाशीच ती का अडते? अमेरिकेत ‘प्रोजेक्ट लीड द वे’ या संस्थेचे शालेय अभियांत्रिकी अभ्यासक्रम केलेल्यांना काही महाविद्यालये ठरलेली श्रेणी पाहून श्रेयांक देतात. म्हणजे प्रमाणपत्र डोळे मिटून स्वीकारा, असे मीही म्हणत नाही.

प्रथम वर्षाच्या आरंभी दोन तासांची जॉब-परीक्षा घ्यावी. जो उत्तीर्ण होईल त्याला फिटिंग माफ करून त्या वेळात लेथवर किंवा सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, पाठवावे. आणि बारावीच्या प्रात्यक्षिकाला बहिःस्थ परीक्षक म्हणून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळा अधीक्षकांनाच बोलवावे, म्हणजे पुढे त्या विद्यार्थ्याच्या कामावर अविश्वास दाखवायचा झाल्यास त्यांना आधी स्वतःच्या सहीवर दाखवावा लागेल.