‘चेतक’ आणि ‘चीता’ यांचे वारसदार

हा लेख ज्या लहान हेलिकॉप्टरविषयी आहे, त्याची केबिन गोलाकार काचेची आहे, तिच्या मागे धातूच्या नळ्यांचा उघडा सांगाडा आहे आणि इंजिनावर साधे आच्छादनही नाही. भारतीय हवाई दलात ते ‘चीता’ या नावाने ओळखले जाते. त्याचा थोरला भाऊ ‘चेतक’ 1960च्या दशकाच्या आरंभी हवाई दलात दाखल झाला. दोन्ही आराखडे मूळचे फ्रेंच असून हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजेच एचएएलने, परवाना घेऊन त्यांचे भारतात उत्पादन केले. मूळ कंपनी सूद एव्हिएशनचे पुढे एरोस्पासियाल झाले, मग युरोकॉप्टर झाले आणि आज तिचा वारसा एअरबस हेलिकॉप्टर्सकडे आहे. कंपनीची नावे बदलत गेली, मात्र हिमालयातील आघाडीच्या चौक्यांवर तोच आराखडा अजूनही उडतो आहे.

इतके जुने यंत्र इतकी वर्षे का टिकले, हे कळल्याशिवाय त्याच्या जागी नवे यंत्र आणणे इतके अवघड का गेले, हेही कळत नाही. ‘चीता’ची जन्मकथाच भारताशी जोडलेली आहे. 1968 मध्ये भारतीय सेनादलांच्या गरजेवरून फ्रेंच अभियंत्यांनी एक वेगळा प्रयोग केला. ‘अलुएट 2’ या हलक्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावर त्यांनी मोठ्या ‘अलुएट 3’चे, म्हणजे आपल्या ‘चेतक’चे, इंजिन आणि रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांचा संच, बसवला. 17 मार्च 1969 रोजी या यंत्राने पहिले उड्डाण केले आणि त्याच वर्षी हिमालयातील चाचण्यांत दोन वैमानिकांसह ते सुमारे 7,500 मीटर उंचीवर उतरून पुन्हा उडाले. 21 जून 1972 रोजी वैमानिक ज्याँ बुले यांनी याच जातीचे हेलिकॉप्टर 12,442 मीटरपर्यंत नेले. त्या उंचीवर इंजिन बंद पडले, ते पुन्हा सुरू झाले नाही आणि बुले यांनी केवळ हवेच्या झोताने फिरणाऱ्या पात्यांच्या आधारे यंत्र सुखरूप जमिनीवर आणले.

या क्षमतेमागचे कारण साधे आहे. सहा हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मी होते. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलून यंत्राला वर उचलतात आणि इंजिनही त्याच हवेवर जळते; त्यामुळे हवा विरळ झाली की उचलण्याची ताकद आणि ती ताकद निर्माण करणारे इंजिन अशा दोन्ही बाजूंनी तोटा होतो. ‘चीता’च्या आर्टूस्ट इंजिनाची मूळ क्षमता 870 अश्वशक्तीची असली, तरी ते 550 अश्वशक्तीपर्यंतच वापरण्याची मर्यादा घालून दिलेली आहे. खाली न वापरलेली ही शिल्लक वर विरळ हवेत कामी येते. शिवाय यंत्राचे कमाल उड्डाणवजन दोन टनांच्याही आत आहे. हलके शरीर आणि राखून ठेवलेली शक्ती या दोनच गोष्टींवर ‘चीता’ने सियाचीनच्या हिमनदीवर आपले स्थान मिळवले.

सियाचीनवर हवाई दलाचे पहिले हेलिकॉप्टर उतरले ते ऑक्टोबर 1978 मध्ये, आणि ते ‘चेतक’ होते. 13 एप्रिल 1984 रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’, म्हणजे सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, सुरू झाले, तेव्हा बिलाफोंड ला या खिंडीपाशी जवान उतरवण्याचे काम ‘चीता’ने केले. तेव्हापासून सर्वांत उंच चौक्यांपर्यंत रसद पोहोचवणे आणि आजारी किंवा जखमी जवानांना खाली आणणे हे त्याचे रोजचे काम आहे. लेह येथील 114 हेलिकॉप्टर युनिट ‘सियाचीन पायोनियर्स’ या नावाने ओळखले जाते, ते याच सेवेमुळे. सुमारे 21,000 फुटांवरील सोनम चौकीसारख्या ठिकाणी एका फेरीत रॉकेलचे एक-दोन डबे एवढाच भार नेता येतो, कारण तेथे प्रत्येक किलोचा हिशेब इंधनाशी आणि तापमानाशी जुळवावा लागतो. दिवस तापला की हवा आणखी विरळ होते. म्हणून उड्डाणे पहाटेच सुरू होतात. हेलिकॉप्टरे जोडीने जातात, म्हणजे एकावर प्रसंग आला तर दुसरे जवळ असते.

येथे जुनेपणाचा प्रश्न उभा राहतो. ‘चीता’ला एकच इंजिन आहे. त्यात स्वयंचलित उड्डाणप्रणाली नाही, डिजिटल पडदे नाहीत, आणि ढगांनी किंवा उडणाऱ्या बर्फाने जमीन दिसेनाशी झाली, की वैमानिकाचा अनुभव हाच मुख्य आधार उरतो. मूळ उत्पादकाने हे आराखडे कित्येक दशकांपूर्वी बंद केले असल्याने सुटे भाग मिळवणे, इंजिनांचे ओव्हरहॉल करणे आणि जुन्या सांगाड्यांचे आयुष्य तपासत राहणे याचा भार दरवर्षी वाढतो. या यंत्रांच्या अपघातांत वैमानिकांनी प्राण गमावले आहेत. प्रत्येक अपघाताचे कारण यंत्राचे वय हेच होते, असे म्हणणे योग्य नाही. पण इतक्या जुन्या साधनावर इतक्या कठीण प्रदेशात तरुण अधिकाऱ्यांना पाठवत राहणे योग्य नव्हते, हे मात्र स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

हवाई दलाच्या मोठ्या हेलिकॉप्टरांची बदली तुलनेने सुरळीत झाली. ‘एमआय-8’ने 17 डिसेंबर 2017 रोजी येलहंका तळावर निरोप घेतला, तोवर त्याचे काम 151 ‘एमआय-17 व्ही5’ हेलिकॉप्टरांनी हाती घेतले होते. जड मालवाहतुकीसाठी 25 मार्च 2019 रोजी चंडीगड येथे ‘चिनूक’ आले आणि त्याच वर्षी 3 सप्टेंबरला पठाणकोट येथे ‘अपाचे’ दाखल झाले. मागे राहिले ते सर्वांत लहान यंत्र.

त्यासाठी प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. 197 हलकी हेलिकॉप्टरे विकत घेण्याची योजना होती. त्यांपैकी 133 लष्करासाठी आणि 64 हवाई दलासाठी होती. युरोकॉप्टरच्या ‘फेनेक’ची निवड जवळपास पूर्ण झालेली असताना डिसेंबर 2007 मध्ये ती प्रक्रिया रद्द करण्यात आली. 2008 मध्ये नवी निविदा निघाली, पर्वतीय चाचण्या झाल्या, आणि ऑगस्ट 2014 मध्ये तीही रद्द झाली. त्यानंतर रशियाच्या ‘कामोव्ह 226 टी’साठी दोन सरकारांमध्ये करार झाला. 200 पैकी 60 रशियात आणि 140 भारतात तयार व्हायची होती. पण प्रत्यक्ष खरेदीपर्यंत ही वाटचाल पोहोचली नाही. खरेदीत पारदर्शकता हवी, हे मान्यच आहे. तथापि गैरव्यवहाराची शंका आली म्हणून संपूर्ण प्रक्रिया पुन्हा शून्यापासून सुरू करायची, या पद्धतीची किंमत आघाडीवरील वैमानिकांनी चुकवली. तंत्रज्ञान उपलब्ध होते, गरज लेखी स्वरूपात मांडलेली होती आणि चाचण्याही झाल्या होत्या. अडले होते ते निर्णयापाशी.

मधल्या काळात एचएएलने ‘चीता’वर अधिक आधुनिक इंजिन बसवून ‘चीतल’ तयार केले. विरळ हवेत त्याची ताकद वाढली, परंतु सांगाडा जुनाच राहिला. दोन इंजिनांचे ‘ध्रुव’ सियाचीनमध्ये काम करते. मात्र साडेपाच टनांचे ते यंत्र म्हणजे आकाराने वेगळाच वर्ग आहे, आणि उंच चौक्यांवरचे काही हेलिपॅड इतके अरुंद आहेत की तेथे लहान यंत्रालाच पर्याय नाही.

म्हणून आता सर्वांची दृष्टी एचएएलच्या ‘एलयूएच’ या हलक्या बहुउपयोगी हेलिकॉप्टरकडे आहे. 2009 मध्ये मंजुरी मिळालेल्या या प्रकल्पाचे पहिले उड्डाण 6 सप्टेंबर 2016 रोजी बंगळूर येथे झाले. 2019 मध्ये लेह परिसरात आणि लडाखच्या उत्तर टोकावरील दौलत बेग ओल्डी या तळापर्यंत त्याच्या चाचण्या झाल्या, तर 2020 मध्ये ते सियाचीनमधील अमर आणि सोनम या हेलिपॅडवर उतरले. त्याचे वजन तीन टनांच्या घरात, म्हणजे ‘चीता’च्या दीडपट आहे. या वाढीव वजनातच डिजिटल कॉकपिट आणि अधिक सुरक्षित रचना सामावलेली आहे, आणि त्या वजनाची भरपाई शक्ती-1यू इंजिनाने करायची आहे. इंजिन येथेही एकच आहे. दुसरे इंजिन सुरक्षितता वाढवते, पण वजनही वाढवते आणि सर्वांत उंच चौकीवर ते वजन परवडत नाही. ही तडजोड भौतिकशास्त्राने लादलेली आहे आणि ती मान्य करूनच आराखडा आखावा लागतो.

कर्नाटकातील तुमकूरू येथे 615 एकरांवर उभारलेल्या हेलिकॉप्टर कारखान्याचे उद्घाटन 6 फेब्रुवारी 2023 रोजी झाले. आरंभी वर्षाला सुमारे 30 यंत्रे तयार करण्याचे उद्दिष्ट ठरले. पहिली मर्यादित मागणी मात्र 12 यंत्रांची असून त्यांपैकी सहा हवाई दलाची आणि सहा लष्कराची आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी सुमारे 200 हलक्या हेलिकॉप्टरांसाठी उत्पादकांकडून माहिती मागवली. त्यांत हवाई दलाचा वाटा 80चा आहे. म्हणजे स्वदेशी यंत्राच्या जोडीला दुसरा मार्गही खुला ठेवण्यात आला आहे, आणि एकाच प्रकारच्या हेलिकॉप्टरमध्ये दोष निघाला की सगळा ताफा जमिनीवर आणावा लागतो, हे लक्षात घेता तो निर्णय रास्त आहे. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदर येथील अपघातानंतर ‘ध्रुव’चा संपूर्ण ताफा थांबवावा लागला, तेव्हा हा धोका सर्वांच्या समोर आला.

नवी यंत्रे आल्यावरही जुनी एका दिवसात निवृत्त होणार नाहीत. काही वर्षे दोन्ही ताफे एकत्र चालवावे लागतील, म्हणजे तंत्रज्ञांचे दोन गट, सुट्या भागांची दोन कोठारे आणि वैमानिकांसाठी दोन प्रशिक्षणक्रम लागतील. नव्या यंत्राचे गुणदोष कमी उंचीवर हजारो तास उडवल्यानंतरच नीट उमगतात, परंतु त्याची सर्वाधिक निकड हिमनदीवर आहे. म्हणूनच सुरुवातीच्या तुकडीतील काही यंत्रे प्रशिक्षणासाठी खाली ठेवून उरलेली निवडक अनुभवी वैमानिकांसह लेहला पाठवावीत, आणि तेथे जमणारा उड्डाणांचा तपशील कारखान्यातील अभियंत्यांपर्यंत थेट पोहोचावा. त्यातून होणाऱ्या सुधारणा मोठी मागणी नोंदवण्याआधीच आराखड्यात उतरू शकतील.