बाकावरचा आवाज आणि मैदानातला आवाज

ठाण्यातल्या शालेय आणि क्लब प्रशिक्षकांसमोर बोलायचं, तर सुरुवात घड्याळापासून करू. हॉकीत टाइमआउट नाही. १५ मिनिटांचे चार क्वार्टर, पहिल्या आणि तिसऱ्यानंतर २ मिनिटं, आंतरराष्ट्रीय सामन्यात मध्यंतर १० मिनिटांचं. ६० मिनिटांच्या खेळात अख्खा संघ प्रशिक्षकासमोर उभा राहतो तो १४ मिनिटं. बाकीचा वेळ कर्णधाराचा.

त्या २ मिनिटांची नासाडी कशी होते, हे तुम्ही जाणताच. सात सूचना आणि चुकलेल्या पोराला झाप. सूचना विसरल्या जातात, झाप लक्षात राहते. त्यापेक्षा पहिला अर्धा मिनिट पाणी आणि श्वास, कोणी बोलायचं नाही. मग बचावासाठी एक वाक्य, चढाईसाठी एक. शेवटचा शब्द कर्णधाराचा.

प्रशिक्षकाची खरी पकड दिसते ती खेळाडू बदलण्यात. बदलांना मर्यादा नाही, पण पेनल्टी कॉर्नर (गोलच्या बाजूच्या रेषेवरून आत ढकललेला चेंडू अडवून गोलवर मारायची संधी) दिला गेला की तो संपेपर्यंत बदल बंद. तुमचा ड्रॅग फ्लिकर, म्हणजे तो अडवलेला चेंडू स्टिकने ओढून गोलकडे भिरकावणारा, बाकावर पाणी पीत असेल, तर तो तिथेच बसणार. म्हणून दोन फ्लिकर तयार ठेवा आणि दोघांना एकाच वेळी बाहेर काढू नका. चेंडू आत ढकलणारा आणि अडवणारा यांच्याही जोड्या ठरवा. फॉरवर्डना साधारण ४-५ मिनिटांनी बाहेर घ्या, बचावफळीला जास्त वेळ ठेवा. तक्ता बाकाजवळ चिकटवा आणि घड्याळ सहायकाच्या हातात द्या. स्वतः बघायला गेलात, की खेळ बघायचा राहतो.

कर्णधार निवडताना आपण हमखास सर्वांत जास्त गोल करणाऱ्याच्या दंडावर पट्टी बांधतो. मला हे पटत नाही. फॉरवर्डच्या पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. सेंटर हाफ किंवा बचावपटूला सगळं मैदान समोर दिसतं. नियमानुसार संघाच्या वर्तनाची जबाबदारीही कर्णधाराचीच. पंचांशी हुज्जत घालून ग्रीन कार्ड मिळालं, तर २ मिनिटं दहाच जण खेळणार.

पॅरिस ऑलिंपिकमधला ४ ऑगस्ट २०२४ चा ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आठवा. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं आणि उरलेली सुमारे ४३ मिनिटं भारत दहा जणांत खेळला. कर्णधार हरमनप्रीत बचावात, त्याच्या मागे गोलकीपर श्रीजेश. सामना १-१, शूटआउट भारताने ४-२ जिंकलं. रोहिदास पेनल्टी कॉर्नर रोखताना फ्लिकरच्या दिशेने पहिला धावून जाणारा. निलंबनामुळे तो जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नव्हता आणि भारत ३-२ हरला. पराभव त्या एकाच कारणाने झाला असं मी म्हणणार नाही, पण अशा कामाला दुसरा माणूस तयार हवाच.

मातीवर सराव करून दादरला गाडी बदलून चर्चगेटच्या टर्फवर खेळायला जाता, तेव्हा एक काम कर्णधारावर सोपवा: पहिली ३ मिनिटं फक्त छोटे पास. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सरपटत येतो, उशिरा स्टिक खाली आणणाऱ्याच्या स्टिकखालून निसटतो. हे मुलांना बाकावरून ओरडून समजत नाही.

आठवड्यातून एकदा शेवटची ८ मिनिटं दहा विरुद्ध अकरा खेळवा आणि तुम्ही गप्प उभे राहा. कोणाला काढायचं ते दर वेळी बदला. सुरुवातीला पोरं 'डी'त (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) गर्दी करतात, गोलकीपरला चेंडूच दिसत नाही. तसं झालं, की शिट्टी वाजवून कर्णधाराला विचारा: यातल्या कोणाला पुढे पाठवणार?