उघाडी

(दृश्य: पहाट. बेलापूरजवळची खाडी. ओला चिखल, कांदळवन, मागे इमारतींचे दिवे. फक्त पाण्याचा आवाज.)

तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. माझे आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, पण पाऊणकी त्यांना तोंडपाठ होती. आमच्या खाडीकाठच्या घरात घड्याळ बघायला शिकवायच्या आधी हा हिशेब शिकवत. अवस-पुनवेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. कोकणपट्टीचे कोळी आणि आगरी पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबावर होड्या काढत आले.

आजोबांना हा हिशेब लागायचा तो उघाडीसाठी.

(दृश्य: खारभूमीचा जुना मातीचा बांध. बांधात बसवलेली लाकडी झडप, अगदी जवळून.)

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीत, भात पिकवायचा तर खाडीचं खारं पाणी बाहेर ठेवावं लागतं आणि पावसाचं गोडं पाणी बाहेर काढावं लागतं. त्यासाठी मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधात ही उघाडी. वरच्या बाजूला बिजागरी, खालून मोकळी, आणि उघडणार फक्त खाडीच्या दिशेनं. भरती आली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पाऊसपाणी तिला ढकलतं आणि वाहून जातं. मोटर नाही, पंप नाही. माणसानं फक्त लक्ष ठेवायचं, कारण खेकड्याचं एक बीळ मोठं झालं की बांधाला खांड जायची, म्हणजे बांध फुटायचा, आणि पुढची दोन-तीन पिकं मिठानं जायची. उधाणाचं पाणी सगळ्यात वर कुठवर आलं, त्याची खूण आजोबा उघाडीच्या खांबावर कोळशानं करून ठेवत. पावसानं ती पुसली जायची, ते पुन्हा करत.

१९७० साली सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, स्थापना झाली. आमची शेतं, मिठागरं, खाजणं संपादित झाली, नव्या मुंबईचे सेक्टर आखले गेले. त्या सगळ्याचं दुःख मोठं आहे आणि संपादित जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटनं ते भरून आलेलं नाही. पण आजची गोष्ट त्या शहराच्या पोटात लपलेल्या एका रचनेची आहे.

(दृश्य: ड्रोनमधून धारण तलाव. एका बाजूला वसाहत, दुसऱ्या बाजूला खाडी.)

शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मग पावसाचं पाणी काढायचं कसं? त्यासाठी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव खोदले, ज्यांना आपण होल्डिंग पाँड म्हणतो. नाल्यांचं पाणी आधी या तलावात येतं. तलावाच्या तोंडाशी झडपा आहेत. भरतीला त्या बंद होतात आणि पाऊस तलावात साठत राहतो. ओहोटीला त्या उघडतात आणि तलाव खाडीत रिकामा होतो. पहिल्यांदा ही झडप जवळून बघितली तेव्हा मी जागच्या जागी थांबले. ही आमची उघाडीच होती. लाकडाच्या जागी लोखंड, मातीच्या जागी काँक्रीट, एवढाच फरक.

आता या झडपेकडे नीट बघा. तिच्या आकारात आणि तलावाच्या खोलीत दोन आकडे गोठलेले आहेत. समुद्र किती उंच येतो, हा पहिला. पाऊस एका दमात किती पडतो, हा दुसरा. ज्यांनी हे बांधलं त्यांनी तेव्हा हाताशी असलेल्या नोंदी घेतल्या, आणि त्या काळापुरते ते आकडे बरोबरच होते. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत दोन्ही आकडे हलले.

आधी समुद्र. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरती-ओहोटी मोजली जाते. हिंदी महासागरात इतकी जुनी नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. अशा जगभरच्या मोजमापांवरून आणि १९९३ पासून उपग्रहांवरून दिसतं की १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ दरम्यान तो ३.७ मिलिमीटर झाला. पाणी तापलं की फुगतं, आणि जमिनीवरचं बर्फ वितळून समुद्रात येतं. वाढीची मुख्य कारणं हीच दोन.

नवी मुंबईचा आराखडा झाला तेव्हापासून आजवर जागतिक सरासरी दहा सेंटिमीटरहून जास्त वर सरकली आहे. दहा सेंटिमीटर म्हणजे किती, असं वाटेल. जेमतेम अर्धी वीत. पण झडपेच्या दृष्टीनं बघा. भरती चढताना ती काही मिनिटं आधी बंद होते, उतरताना काही मिनिटं उशिरा उघडते. दिवसातून दोन भरत्या. पाणी बाहेर जायला मिळणारा वेळ दोन्ही टोकांनी कुरतडला जातोय.

(दृश्य: पाऊस. काचेवरून ओघळणारं पाणी, मागे धूसर दिसणारी पारसिकची टेकडी.)

आणि पाऊस. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. जमिनीवरच्या पावसाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीनं २०२१ च्या अहवालात असं मांडलं: पूर्वी सरासरी दहा वर्षांतून एकदा पडणारा एका दिवसाचा मुसळधार पाऊस आता १.३ पट वेळा पडतो. आपल्या पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या होत्या. तोही एकूण मोसमी पाऊस कमी होत असताना. कारण कुठे सापडलं? आपल्या दारात, अरबी समुद्रात. समुद्र तापतो, त्यावरून येणारे पश्चिमेचे वारे लहरी होतात, आणि एखाद्या आठवड्यात ते बाष्पाचा लोंढाच्या लोंढा आत फेकतात. उरलेले दिवस कोरडे.

२६ जुलै २००५. मी तेव्हा सहावीत होते. आमच्या गावठाणातल्या घरात पाणी आलं तेव्हा आईनं आधी तांदळाचा डबा माळ्यावर चढवला, मग मला. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तिथून पंचवीस किलोमीटरच्या आतल्या कुलाब्याला जेमतेम ७४. दुपारनंतर भरती चढत होती. वरून पाणी, समोरून पाणी, आणि मध्ये बंद झडप.

तो एक दिवस हवामानबदलामुळेच आला असं मी म्हणणार नाही. एका दिवसावरून तसं सांगता येत नाही, आणि डोंगर फोडून, नाले बुजवून आपण पाण्याची वाट अडवली तो दोष आपलाच आहे. पण असे दिवस येण्याच्या बाजूनं फासा जड झाला आहे हे मोजलेलं आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्या महिन्यात कुलाब्यानं मेमधल्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. आमच्याकडे नालेसफाईची मुदत ३१ मे असते. आजी मृगाच्या आधी लाकडं भरून ठेवायची, तशी. लवकर आलेला एक पावसाळा पुरावा होत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या सोमवारी नाल्याच्या काठावर काढून ठेवलेला गाळ पुन्हा नाल्यात वाहून जाताना मी पाहिला आहे.

(दृश्य: बर्फाच्या लांब नळीसारख्या नमुन्यात अडकलेले हवेचे बुडबुडे.)

हे सगळं माणसामुळे, हे कशावरून? हा प्रश्न गावातल्या पारावर मला दर वेळी विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा.

१८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइड भरलेलं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं आणि थंड व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हा वायू मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले बुडबुडे फोडून आठ लाख वर्षांची हवा तपासली गेली. एवढ्या काळात तो ३०० च्या पलीकडे गेलेला दिसत नाही.

वाढलेला कार्बन कोळसा-तेलाचा आहे हेही ओळखता येतं. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून राहिल्यानं त्यातला किरणोत्सारी कार्बन संपून गेलेला असतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण पातळ होत गेलेलं दिसतं. सूर्य तापला म्हणून हे घडतंय का? तसं असतं तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबराचा थर थंड होतोय. गोधडी घेतल्यावर आतली ऊब आत राहते आणि गोधडीची बाहेरची बाजू गारच लागते, तसं.

(दृश्य: खारघर. मोकळं मैदान, एप्रिलचं ऊन. आवाज नाही.)

हा भाग मी पटकन सांगू शकत नाही.

१६ एप्रिल २०२३. खारघरच्या या मैदानात एका मोठ्या सरकारी सोहळ्याला लाखो माणसं उन्हात बसली होती. कित्येक जण आदल्या रात्रीच गावाहून आले होते. उष्माघातानं १४ जण गेले. पारा त्या दिवशी चाळिशीच्याही खाली होता. विदर्भातला माणूस म्हणेल, एवढं तर आमच्याकडे रोजचं. पण किनाऱ्यावरचं ऊन वेगळं असतं. शरीर घामानं थंड होतं, आणि घाम वाळला तरच थंड होतं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम नुसता ओघळतो आणि शरीराच्या आत ताप चढत जातो. हवामान विभागानंही किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांवर ठेवला आहे, मैदानी भागासाठी तो ४० आहे. त्याच एप्रिलमधल्या भारत-बांगलादेशातल्या दमट उष्णतेच्या लाटेचा अभ्यास आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटानं केला. माणसानं घडवलेल्या तापमानवाढीमुळे अशी लाट येण्याची शक्यता किमान ३० पटींनी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मंडप घातला असता, वेळ संध्याकाळची ठेवली असती, तर ती माणसं घरी परतली असती. हवा बदलली आहे हे ठाऊक असूनही कार्यक्रमाची वेळ जुन्याच हवेवरून ठरवली जाते.

चक्रीवादळांचंही तसंच. आमच्या लहानपणी तुफान म्हणजे ओडिशा, आंध्र. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आपल्या समोरून गेलं.

(दृश्य: पुन्हा धारण तलाव. गाळ, आणि गाळात उगवलेली तिवरं.)

आणि तलावाची आजची अवस्था ही. बऱ्याच तलावांत वर्षानुवर्षांचा गाळ साठून ते उथळ झाले आहेत. गाळावर तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, उगवली. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून गाळ काढायचं काम परवानग्यांत अडकतं. मी तिवरांच्या बाजूची आहे. लाटांचा जोर तीच अडवतात, चिखल धरून ठेवतात, कोळंबी आणि निवट्या त्यांच्याच मुळांशी वाढतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला तो उगाच नाही. पण खाडीतलं कांदळवन आणि तलावाच्या तळातली तिवरं यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. पंप वाढवावे लागतील. झडपा नव्या आकड्यांवरून पुन्हा आखाव्या लागतील. आणि तलावाच्या काठच्या पाणथळ जागेवर इमारत उभी करायचा प्रस्ताव येईल तेव्हा, ती जागा पाण्याची आहे, असं कुणीतरी उठून म्हणावं लागेल.

(दृश्य: श्रावणातली दुपार. रिमझिम. झडप अगदी जवळून.)

आज द्वितीया. दोन पाऊण दीड. दीडच्या सुमारास खाडी काठोकाठ भरली आणि झडप कधीच गच्च बसलेली होती. तिच्या खालच्या कडेचं रबर एका बाजूनं गेलंय. तिथून खारं पाणी पिचकारीसारखं आत येतंय, आणि त्याच्याबरोबर बोटभर लांबीचा एक बोईट मासा आत आला.

अडीच. झडप बंद. मागच्या नाल्यातून शहराचं पाणी येतच आहे.

साडेतीन. ओहोटी चांगली लागली आहे, बाहेर चिखलाची पहिली कड दिसायला लागली. झडप अजून बंद.

चार वाजून दहा मिनिटांनी लोखंड करकरलं आणि फट पडली. आजोबांचा तो खांब आता कुठल्यातरी सेक्टरच्या रस्त्याखाली आहे. मी पिशवीतून कोळसा काढला, भिंतीवर आज पाणी जिथवर चढलं होतं तिथे एक रेघ ओढली, आणि रेघेशेजारी तिथी लिहिली.