वही कुठे ठेवायची, हे कुणी ठरवलं?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'डीएचसीपी सर्व्हर कंपाइल करताना ठरवायचे पर्याय'. एवढ्या पावसात तुम्ही यासाठी आलात, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सर्व्हररूममध्ये एखादी तरी रात्र काढलेली असणार. त्यामुळे डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनना पत्ते वाटायची पद्धत, यापलीकडे ते काय असतं ते सांगत बसत नाही. मशीन ओरडतं, 'कुणी आहे का?' सर्व्हर म्हणतो, 'हा पत्ता चालेल?' मशीन म्हणतं, 'हाच द्या.' सर्व्हर म्हणतो, 'दिला.' मार्च १९९७ मधल्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात हा चार वाक्यांचा संवाद आहे, आणि आज या खोलीतल्या प्रत्येक फोनने वायफायला जोडताना तोच केला.

मला बोलायचंय ते या संवादाच्या आधीचं. सर्व्हर ज्या दिवशी कंपाइल झाला, म्हणजे सोर्समधून चालणारा प्रोग्राम म्हणून बांधला गेला, त्या दिवशी कुणीतरी त्याच्या वतीने काही निर्णय घेऊन टाकलेले असतात. ते कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, दिसत नाहीत. फाइल दहा वेळा वाचली तरी दिसत नाहीत. माझा आग्रह एवढाच, की ज्याच्या हातात सर्व्हर दिलाय त्याला ते निर्णय माहीत असले पाहिजेत, आणि विचारलं तर प्रोग्रामने ते सांगितले पाहिजेत. आता हा आग्रह कुठून आला ते सांगतो. थोडं लांबेल, पण ते ऐकल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

२०१० साल. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये होतो. हॉस्टेलचं सगळं नेटवर्क आमच्याकडे. सर्व्हरवर डेबियन लिनक्स, त्यात आयएससी या संस्थेच्या डीएचसीपी सर्व्हरची ३.१ मालिका. आम्हाला आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, करून बघायची होती, आणि ते आलं ४.० पासून. तयार बांधलेलं पॅकेज मिळेना, म्हणून सोर्स उतरवला. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल: पर्याय ठरवा, बांधा, बसवा. कॉन्फिगरला एकही पर्याय दिला नाही. तेव्हा आम्हाला तो साधेपणा वाटला होता.

नवा सर्व्हर सुरू करताना तो म्हणाला, कॉन्फिग फाइल सापडत नाही. बरोबरच होतं. पॅकेजवाल्यांनी ती वेगळ्या फोल्डरात ठेवली होती. आम्ही कमांडमध्येच रस्ता दाखवला, '-सीएफ' देऊन. पुन्हा सुरू केला, तर आता लीजची फाइल, म्हणजे कुठला पत्ता कुणाला, कधीपर्यंत दिला याची नोंद, सापडेना. व्हारखालच्या डीबी फोल्डरात बघतोय आणि तिथे काही नाही, असा संदेश. त्याच संदेशात पुढे लिहिलं होतं, की काय करायचं ते कळत नसेल तर डीएचसीपीडी-लीजेसचं मॅन्युअल वाचा. संध्याकाळचे सात वाजले होते. मी मॅन्युअल उघडलं नाही. 'टच' मारून त्या जागी रिकामी फाइल तयार केली. सर्व्हर लगेच सुरू झाला. आम्ही चहाला गेलो.

हॉस्टेलात राहिलेल्यांना एक उदाहरण देतो. रेक्टरच्या कपाटात एक जाड वही असते. कुठली खोली कुणाला, कधीपर्यंत. समजा नवे रेक्टर आले, त्यांनी दुसरंच कपाट उघडलं आणि त्यात कोरी वही ठेवली. त्या वहीप्रमाणे सगळं हॉस्टेल रिकामं आहे. दारात नवा मुलगा ट्रंक घेऊन उभा. रेक्टर सज्जन आहेत, किल्ली देण्याआधी दार ठोठावून बघतात. आत पोरगा गाढ झोपलाय, आवाज येत नाही. दिली किल्ली.

आमच्याकडे अक्षरशः हेच झालं. खरी वही पॅकेजवाल्यांच्या जागी, व्हार-लिबखाली, जशीच्या तशी पडून होती. नव्या सर्व्हरच्या हातात कोरी. पत्ता देण्याआधी तो दार ठोठावतोसुद्धा: पिंग करतो आणि सेकंदभर वाट बघतो. पण विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू असायची आणि पिंगला उत्तर द्यायची नाही. म्हणजे सगळं हॉस्टेल झोपलेलं. त्यात आम्ही लीजची मुदत ठेवली होती सात दिवसांची. निम्मी मुदत सरल्यावर मशीन नूतनीकरण मागतं. म्हणजे जो पीसी रात्रंदिवस चालू आहे, तो साडेतीन दिवसांपर्यंत सर्व्हरकडे फिरकणारच नाही, आणि तो अस्तित्वात आहे हे सर्व्हरला कळणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरायची शेवटची तारीख. नऊच्या सुमाराला पहिला मुलगा आला. 'सर, आयपी कॉन्फ्लिक्ट दाखवतंय.' दहापर्यंत रांग. ज्या मशीनना पत्त्याची टक्कर ओळखता येत होती ती पत्ता नाकारत होती, आणि सर्व्हर त्या पत्त्यापुढे 'अबँडन्ड' असा शेरा मारून पुढचा देत होता. तोही कुणाचातरी असायचा. ज्यांना ओळखता येत नव्हती, त्यांचा फॉर्म अर्धा भरून अडकायचा. एक मुलगी फी भरल्याची पावती उघडत नाही म्हणून रडत होती. तिचा चेहरा मला आजही आठवतो. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

कारण सापडायला अडीच तास गेले. आधी कॉन्फिग फाइल वाचली. निर्दोष. मग स्विच, मग केबल. शेवटी आमच्यातल्या एकाने लीजची फाइल उघडली आणि म्हणाला, 'सर, यात काल संध्याकाळच्या आधीची एकही नोंद नाही.' (त्यातही वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे आम्ही आधी साडेपाच तासांचा हिशेबच चुकवला. तुम्ही चुकवू नका.) मग जुना सर्व्हर जुन्या वहीवर सुरू केला, रात्रीतून वाटलेले पत्ते हाताने जुळवले, आणि फॉर्मची मुदत एक दिवस वाढवून घेतली.

चूक माझी होती, ती मी तेव्हाच लेखी कबूल केली. पण त्यानंतर मला एक प्रश्न सुटेना. त्याच नावाचा, त्याच कामाचा प्रोग्राम; वही कुठे ठेवायची ते एकाने एक ठरवलं, दुसऱ्याने दुसरं, आणि जो माणूस तो प्रोग्राम रोज चालवतो त्याला यातलं काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. '-एलएफ' देऊन वहीचा रस्ता बदलता येतो, हे खरं. पण बदलायचा केव्हा? मुळात तो कुठे आहे हे ठाऊक असेल तेव्हा. पुढच्या आवृत्त्यांत सर्व्हर सुरू होताना कॉन्फिग फाइल, लीजची फाइल आणि पीआयडी फाइल (चालू प्रोग्रामचा क्रमांक ठेवणारी) यांचे रस्ते तीन ओळींत छापू लागला. ज्याने कुणी त्या ओळी घातल्या, त्याचे मी मनापासून आभार मानतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. मूळ विषय आता पटापट घेतो.

आयएससीच्या सोर्समध्ये 'इन्क्लूड्स' फोल्डरात 'साइट डॉट एच' नावाची फाइल आहे. ती घरी जाऊन वाचाच. प्रत्येक पर्यायावर दोन-चार ओळींची टिप्पणी आहे, साध्या इंग्रजीत. बाकीचे पर्याय कॉन्फिगरला द्यायचे. त्यातला पहिला सॉकेटचा, म्हणजे प्रोग्राम नेटवर्कवर ज्यातून बोलतो त्या दाराचा. ज्या मशीनला अजून पत्ताच नाही, त्याला उत्तर पाठवायचं कसं? एआरपीला, म्हणजे 'हा पत्ता कुणाचा?' या हाकेला, कोण उत्तर देणार? म्हणून सर्व्हर इथरनेटची चौकट स्वतः बांधतो, आणि थेट पाठवतो, लिनक्सवर एलपीएफ नावाच्या सोयीतून, बीएसडीवर बीपीएफमधून. म्हणूनच आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, नियम लिहूनही डीएचसीपी अडत नाही आणि लोक चक्रावतात. साधे सॉकेट वापरायचे की नाही, हे कंपाइल करतानाच ठरतं.

'पॅरानोया'. हा चालू करून बांधला असेल तरच सर्व्हरला युजर, ग्रुप आणि सीएचरूट (सर्व्हरला एकाच फोल्डरात कोंडणारा) हे पर्याय कळतात. 'एक्झिक्यूट' म्हणजे लीज देताना बाहेरचा प्रोग्राम चालवायची मुभा. नको असेल तर बांधतानाच काढून टाका, मग कॉन्फिग फाइलमध्ये कुणी काही घुसडलं तरी बाहेरचा प्रोग्राम सुरूच होणार नाही. 'डिलेड ॲक' मला सगळ्यात आवडतो. 'दिला' म्हणण्याआधी नोंद डिस्कवर पक्की झाली पाहिजे हा नियम, आणि प्रत्येक नोंदीला डिस्कची वाट बघणं महाग. म्हणून बरीच उत्तरं रोखून धरायची, एकदाच पक्कं लिहायचं, मग सगळी सोडायची. शब्द देण्याआधी लिहून ठेवणं यात मोडत नाही, फक्त रांग लावली जाते.

आता बांधतानाचे निर्णय स्वतः सांगणारे प्रोग्राम. घरच्या बऱ्याच राउटरमध्ये डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर असतो. त्याला '--व्हर्जन' विचारा. आवृत्तीखाली 'कंपाइल टाइम ऑप्शन्स' अशी ओळ येते: डीएचसीपी आहे, डीएचसीपीव्ही६ आहे, लुआ ही स्क्रिप्टची भाषा नसेल तर 'नो-लुआ'. काय नाही तेसुद्धा सांगतो! आयएससीने १९९७ पासूनचा हा जुना सर्व्हर २०२२ मध्ये थांबवला आणि त्याच्या जागी केआ हा नवा सर्व्हर दिला. केआला मोठ्या लिपीतला 'डब्ल्यू' देऊन चालवा, म्हणजे तो बांधतानाचा सगळा अहवाल समोर ठेवतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच गोष्टी आता हुक, म्हणजे वेगळे जोड-भाग, म्हणून चालताना जोडता येतात, बांधताना ठरवायचं ओझं तेवढं कमी.

आणि स्वतः बांधत असाल तर सोर्सचं फोल्डर पुसू नका. त्यात 'कॉन्फिग डॉट लॉग' असते, आणि तिच्या सुरुवातीलाच तुम्ही कॉन्फिगरला नेमकं काय दिलं होतं ती कमांड लिहिलेली असते. आमच्या २०१० च्या फाइलमध्ये त्या ओळीत फक्त '.⁠/कॉन्फिगर' आहे, पुढे काहीही नाही. ते पान मी छापून आणलंय. ज्यांना बघायचंय त्यांनी पुढे या. प्रश्न तिथेच घेतो.